पाच शर्यतींचं मडगार्ड

"या वेळी फार नाही लागलं रे," टेम्पोतून गाडी पुरती खाली उतरायच्या आतच सर म्हणाले.

मिस्त्रीने गाडीला अर्धी फेरी मारली आणि थांबला. पुढचं डावं मडगार्ड दिव्यापासून चाकापर्यंत आत गेलं होतं. चुरगळलेल्या पत्र्याच्या घडीत लाल रंग अडकला होता. सरांची गाडी राखाडी. लाल गाडी याच शर्यतींत उतरणाऱ्या एका तरुण नर्सची. कालच्या शर्यतीत धक्का लागून ती टायरांच्या भिंतीवर आदळली आणि तिचं मनगट मोडलं, हे मिस्त्रीच्या कानावर सकाळीच आलं होतं.

"कुठून आली कळलंच नाही," सर म्हणाले. "आज तिला भेटून आलो. बिचारी मलाच धीर देत होती."

या शर्यती जुन्या गाड्यांच्या. एके काळी माणसं ज्यातून ऑफिसला जायची, पोरांना शाळेत सोडायची, त्याच चार दारांच्या साध्या गाड्या. वर्षाला सहा शर्यती, महिन्याला एक. पत्रा त्या काळचाच हवा, प्लॅस्टिक लावलेलं चालत नाही. म्हणून शर्यतीनंतरच्या सोमवारी सर गाडी घेऊन मिस्त्रीकडे यायचे आणि तो तेच मडगार्ड पुन्हा सरळ करायचा. मागून लोखंडी ठोकळा धरायचा, पुढून हलक्या हाताने हातोडी मारत राहायचं. घाई केली की पत्रा ताणतो. न करताही थोडा ताणतोच, दर वेळी जरा पातळ होतो. हे मडगार्ड आता हाताला थकलेलं लागत होतं. मिस्त्रीचं मनगटही काही वेगळं नव्हतं.

सर एकाहत्तरचे. चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि तेवढी वर्षं सुट्टीच्या दिवशी ही गाडी पळवली. जिंकायची हाव कधीच नव्हती. मात्र सहाच्या सहा शर्यती एका वर्षात कधी पुऱ्या झाल्या नव्हत्या. कधी इंजिनाने दगा दिला, कधी परीक्षा आडव्या आल्या. यंदा पाच झाल्या होत्या. राहिली होती एक. मिस्त्री त्यांचाच विद्यार्थी. आठवीत एकोणीसच्या पाढ्यावर अडला तो कायमचा, म्हणून सरांच्या तोंडी अजून त्याचं नाव 'एकोणिशा'.

रंग जुळवायचं काम मिस्त्रीच्या बायकोचं. राखाडी डब्याचं झाकण उचकटता उचकटता ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "पाचव्यांदा उघडतेय हा डबा. बाकीची गाडी अजून गेल्या वर्षीच्याच रंगात आहे. या डाव्या बाजूने कुणाचं काय घोडं मारलंय?"

ती हसण्यावारी बोलली, पण मिस्त्रीच्या हातातली हातोडी थांबली. पहिल्या वेळी पिवळा रंग लागला होता. सर म्हणाले, ऊन डोळ्यांवर आलं. दुसऱ्या वेळी पांढरा. रस्त्यावर तेल सांडलं होतं. मग हिरवा, मग निळा. दर वेळी कारण निराळं आणि जागा तीच. त्याने सगळी कारणं खरी मानली होती. सरांचं गणित तपासायचं त्याच्या डोक्यात कशाला येईल?

तेवढ्यात सरांनी पाणी मागितलं. पाण्याचा पेला मघापासून त्यांच्या डाव्या कोपराशी होता.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मग पेला मुकाट्याने उचलून त्यांच्या उजव्या हाताला ठेवला आणि ब्रश धुवायला मागे निघून गेली.

सांगितलं तर काय होणार हे मिस्त्रीला ठाऊक होतं. सहावी शर्यत जाईल, मग गाडी जाईल, आणि मग सोमवारही. नाही सांगितलं, तर पुढच्या वेळी कुणाचं नुसतं मनगट मोडण्यावर भागेल असं नाही. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. आठवीतही असंच व्हायचं. तेव्हा सर उत्तर कधीच सांगायचे नाहीत. खडू हातात द्यायचे आणि म्हणायचे, मांड.

मिस्त्रीने खुणा करायचा खडू घेतला. मडगार्डाशेजारच्या दारावर एकाखाली एक पाच ओळी लिहिल्या: महिना, समोरच्या गाडीचा रंग, कुठे लागलं ते. पाचही ओळींच्या शेवटी तेच दोन शब्द आले, 'पुढे डावीकडे'. मग तो बाजूला झाला.

सर जवळ आले. ओळी वाचायला त्यांनी मान जरा जास्तच वळवली. बोटाने एकेक ओळ खाली उतरत गेले.

"मांडणी बरोबर आहे," शेवटी म्हणाले.

"सर, वर्षाच्या सुरुवातीला शर्यतवाले डोळे तपासतात ना?"

"तपासतात. आधी उजवा. त्याने तक्ता वाचला. मग डावा." ते थांबले. "तक्ता तोच होता रे. तोवर पाठ झाला होता. चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या मी."

मिस्त्री खाली बघत राहिला. म्हणाला, एकच तर राहिली होती. सरांनी मान हलवली. त्या पोरीच्या प्लॅस्टरवर मी सही करून आलो, म्हणाले. तिनेच करायला लावली.

मग त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. सहावी ओळ घातली. महिना लिहिला आणि त्यापुढे, फळ्यावर लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, 'गैरहजर'. बोटांवरची खडूची भुकटी जुन्या सवयीने झटकली.

"मडगार्ड ठोकू नकोस आता. पत्र्याला विसावा दे."

"कडा तेवढ्या बोथट करतो. कुणाच्या हाताला लागायला नको."

"कर."

टेम्पो कधीच निघून गेला होता. सर पायीच बस थांब्याकडे निघाले. मिस्त्रीने हातोडी खिळ्याला अडकवली, हात पुसले आणि भरभर चालत त्यांना गाठलं. शाळेपासूनची सवय सरांच्या एक पाऊल मागे चालायची. आज तो पुढे झाला आणि त्यांच्या डाव्या बाजूने चालू लागला. रस्त्यावर वर्दळ होती.

"एकोणिशा," सर समोर बघतच म्हणाले, "एकोणीस सक?"

मिस्त्री थांब्यापर्यंत विचार करत राहिला.