शाबोच्या डोक्यातलं चिलट

"...आणि ते चिलट टायटसच्या नाकातून शिरलं ते थेट मेंदूत," धर्मगुरू हाखाम रहमीम वाचत होते, आणि प्रार्थनाघरात जमिनीवर बसलेल्या निम्म्या मंडळींच्या नजरा शाबोकडे वळल्या.

शाबोनं मान खाली घातली. आव महिन्याची नवमी, जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा दिवस; सुतक म्हणून दुपारपर्यंत जमिनीवरच बसायचं. कालपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि डोक्यात ते मेलं गुणगुण. चाळीस वर्षं गाड्यांचे पत्रे ठोकून कानाच्या नसा गेल्या, असं डॉक्टर म्हणाले होते. औषध नाही. फक्त हातोडी चालू असली की आवाज दबायचा. म्हणून सत्तरी उलटली तरी शाबो गॅरेज सोडत नव्हता. आज गॅरेज बंद, आणि आवाजाला रान मोकळं.

हाखाम पुढे वाचत होते. पुढे रोमचा राजा झालेल्या त्या टायटसनं मंदिरात घुसून पडद्यावर तलवार चालवली आणि म्हणाला, देवालाच मारलं. परतताना समुद्रात वादळ उठलं, तर म्हणाला, ह्यांच्या देवाचा जोर काय तो पाण्यात; हिंमत असेल तर जमिनीवर ये. जमिनीवर पाऊल टेकलं आणि देवानं धाडलं काय, तर एक चिलट. सात वर्षं ते मेंदू कुरतडत राहिलं. एकदा लोहाराच्या घणाचा आवाज ऐकून गप्प झालं, तेव्हापासून रोज एक लोहार समोर आणून बसवू लागले.

"तुझं बरंय शाबो," शेजारचा झेबुलून कुजबुजला. "राजाही तूच, लोहारही तूच!"

"गप ए, उपास आहे. निदान आज तरी तोंड आवर."

"तीस दिवसांनी," हाखामांनी पान उलटलं, "चिलटाला घणाची सवय झाली."

 गेले पंधरा दिवस शाबोलाही हातोडी चालू असतानाही ते गुणगुण ऐकू येत होतं. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

लोक पांगल्यावर तो हाखामांजवळ सरकला.

"हाखाम, मग टायटसनं करायला काय हवं होतं?"

"पुस्तकात नाही बाबा ते."

"तुम्हाला काय वाटतं?"

हाखामांनी चष्मा पुसला. "घण ऐकत बसला महिनाभर. ज्यांचं मोडलं त्यांच्या दारात एकदा तरी गेला का? आणि हे बघ, तू टायटसबद्दल विचारत नाहीयेस. नहूमकडे जा."

नहूम शाबोचा धाकटा भाऊ. दोघांचं गॅरेज एक होतं. अकरा वर्षांपूर्वी नहूमच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा गॅरेजवर आली, तेव्हा नहूमनं ठोकलेलं एक बॉनेट उचलून शाबो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ह्याच्या हातात कसब नाही. भाऊ म्हणून ठेवलाय, नाहीतर झाडू मारायलासुद्धा घेतला नसता." नहूमनं ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि निघून गेला. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर, पण शाबोचं पाऊल वळलं नाही. मी मोठा, आधी त्यानं यावं, हा त्याचा हेका.

आज मात्र त्याला एक पळवाट सापडली. ह्या दिवशी शोकामुळे कोणी कोणाला भेटल्यावर शालोम म्हणत नाही, म्हणायचंच नसतं. म्हणजे आधी कोण बोललं, हा प्रश्नच मिटला. इतका हिशेबी माणूस, माफी मागायला निघतानाही आपली मान किती वाकणार ते मापून निघाला.

दार नहूमच्या बायकोनं, नाझेनं उघडलं. ती बाजूला झाली. आत नहूम भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, मांडीवर दुःख सोसणाऱ्या ईयोबाचं पुस्तक. त्यानं वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं. शाबो समोरच्या भिंतीशी बसला.

हे गप्प राहणं दिवसाचं की अकरा वर्षांच्या रागाचं, कळायला मार्ग नव्हता. शाबोच्या डोक्यातलं गुणगुण वाढत चाललं. त्यानं पाय बदलला, फरशा मोजल्या, घड्याळ पाहिलं. उठून जावं असं तीनदा वाटलं.

मग नहूमनं पान उलटण्यासाठी मांडीखाली दाबलेला उजवा हात काढला. हात थरथरत होता. पानाचं टोक चार वेळा निसटलं.

"हे केव्हापासून?" शाबोच्या तोंडून निघून गेलं.

"गॅरेजपासून."

"सोडल्यानंतर?"

"सोडायच्या आधी वर्षभर. हातोडी नेमकी बसायचीच नाही. तुला वाटलं, मी अंगचोरपणा करतोय."

"अरे, मग सांगायचं नाहीस का मला?"

"त्याच आठवड्यात सांगणार होतो," नहूम शांतपणे म्हणाला. "पण तूच सांगितलंस. पाहुण्यांसमोर."

शाबोला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अकरा वर्षं जपलेला सगळा मोठेपणा त्याला नकोसा झाला. पळवाट, हिशेब, काही उरलं नाही.

"चुकलो रे, नहूम," तो म्हणाला. "फार चुकलो."

 नहूम पान उलटायचा प्रयत्न करत राहिला.

"पाऊण वाजून गेला," नाझे आतून म्हणाली. "आता वर बसलं तरी चालतं."

नहूमनं पुस्तक ठेवलं आणि भिंतीला धरून उठू लागला. गुडघे सरळ होईनात. हाक मात्र त्यानं कोणाला मारली नाही. शाबो उठला, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून खुर्चीवर बसवलं. इतका हलका झाला होता तो.

नाझेनं दुसरी खुर्ची पुढे सरकवली.

"बस की दादा," नहूम म्हणाला. "आता चालतं."

"बसतो रे," शाबो म्हणाला, पण तो त्याच्या पायाशीच खाली बसला. उठताना नहूमच्या पायातली कापडी सपात निघाली होती. शाबोनं ती झटकली आणि त्याच्या पायात नीट घातली.