चुन्याच्या ठिपक्यापुरती जागा

गुरुवारी सकाळी चिंतामणअण्णांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट सवाल. "मॅडम, खाली एवढं मोकळं सोडलंय ते कुणासाठी? आमचे फोटू कुठं गेले?"

उत्तराने समोरच्या स्क्रीनकडे पाहिलं. दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी फवारणीचा तक्ता करायचा होता. छाटणीनंतर कितव्या दिवशी, कोणत्या रोगाला, कोणतं औषध, टाकीला किती, असे चार रकाने. गेले आठ दिवस ती त्याच्यामागे होती. चारी बाजूंनी समास आणि तळाला चांगली चार बोटं कोरी जागा सोडून तो तिने असा बसवला होता, की बघणाऱ्याच्या डोळ्यांना थंडावा वाटावा.

"अण्णा, वाचायला सोपा जावा म्हणून..."

"वाचतील की! वाचायला कोण नाय म्हणतंय? अकरा संचालक हायेत, अकरा फोटू टाका. शनिवारी सभेत वाटायचाय. आता बघा बुवा तुमचं तुम्ही."

फोन ठेवला गेला. कटिंग मशीनपाशी कागदाची रिम सारखी करत असलेल्या अब्बासभाईंनी मान वर न करताच विचारलं, "फोटो?"

"फोटो."

"मग टाकून दे बेटा. गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर मांडव मोडतो इथे. तू कोरी जागा घेऊन बसलीस."

अब्बासभाईंचा छापखाना नाशिकरोडला होता, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. वडील खिळे जुळवायचे; शिशाचं एकेक अक्षर उलटं बसवून ओळ करायची, असा तो काळ. तिथे डिझाइन करणारा तनय दिवाळीआधीच पुण्याला निघून गेला आणि त्याची खुर्ची रिकामी झाली. चार महिने फुकट शिकायला येणाऱ्या उत्तराला अब्बासभाईंनी सांगून ठेवलं होतं, "हा तक्ता तुझा. पसंत पडला तर सोमवारपासून खुर्ची तुझी. नाही पडला तर मला दुसरा कुणी बघावा लागेल, वाईट वाटून घेऊ नकोस."

वाईट वाटून घ्यायला तिला सवडच नव्हती. एम.कॉम. झालेली बाई, पण लेकीच्या, इराच्या, जन्मानंतर चार वर्षं घरी. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या आणि तिन्ही ठिकाणी 'मधल्या काळात काय केलंत?' हा प्रश्न ऐकला. मधल्या काळात तिने औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली होती. इराचा ताप उतरत नव्हता त्या दिवशी, डोस किती ते शोधायला गेली, तर लेबलावर कंपनीचं नाव एवढं मोठं, अन् वयाप्रमाणे डोस मुंगीएवढा. असं कोण छापतं, हा राग तिच्या डोक्यातून गेलाच नाही. त्या रागापायीच ती या छापखान्याच्या पायऱ्या चढली होती.

पहिला महिना नुसता हसं होण्यात गेला. इंग्रजी व्हिडिओ बघून तिने दोन ओळींतलं अंतर ठरवलं, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकले. अब्बासभाईंनी भिंग हातात दिलं. "बघ, भाडेकरूंची मारामारी. इंग्रजीचं माप मराठीला घालशील तर बाह्या तोकड्या पडणारच. आपल्या अक्षराला डोक्यावर पण सामान असतं, पायाखाली पण." मग तिने सगळं सेंटरला घेतलं, पत्रिकेसारखं. त्यावर ते म्हणाले, "लग्न कुणाचं आहे?" हळूहळू तिला कळत गेलं: ओळींची डावी कड सरळ ठेवावी, एका पानात दोनच टाइप वापरावेत, जे आधी दिसायला हवं ते ठसठशीत करावं. जमेल तसं ती हे पाठ करत होती, पोळ्या लाटतानासुद्धा.

आणि आता अकरा फोटो.

"चाचा," ती म्हणाली, "गेल्या वर्षीच्या तक्त्यात फोटो होते ना?"

"होते. तनयने केला होता. दोन्ही बाजूंना रांगेने."

"आणि त्याच वर्षी एका बागेत एकच औषध दोनदा मारलं गेलं. पानं करपली. म्हणून तर त्यांना नवा, सोपा तक्ता हवाय. अण्णा स्वतःच म्हणाले होते."

अब्बासभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "फोटोंमुळे झालं?"

"माहीत नाही. उद्या जाऊन बघून येते."

"दिंडोरीला? तक्ता बघायला?" ते हसले. "जा. पण संध्याकाळपर्यंत फायनल फाइल पाहिजे. फोटोवाली नाहीतर बिनफोटोवाली, पण गिऱ्हाइकाची हो आलेली."

शुक्रवारी सासूबाई नांदगावला बहिणीकडे गेलेल्या, नवऱ्याची, विहंगची, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पहिली पाळी, त्यामुळे इराला बरोबर घेण्यावाचून इलाज नव्हता. एसटीत बसल्यापासून उत्तराच्या डोक्यात एकच: शेडमध्ये औषधं असणार. तिने इराला तीनदा बजावलं, "हात खिशात. कशालाही हात लावायचा नाही. तोंडात बोट नाही."

"आणि नाक खाजलं तर?"

"मला सांगायचं. मी खाजवीन."

पलीकडच्या सीटवरची बाई हसली. उत्तरा हसली नाही.

त्या करपलेल्या बागेचं शेड रस्त्याला लागूनच होतं. पत्रे तापलेले, औषधाचा उग्र वास भरलेला. दाराशी रिकाम्या क्रेटवर एक पन्नाशीचा माणूस आणि त्याची बायको भाकरी खात बसले होते. पुंजा आणि सुवर्णा. पेठ तालुक्याकडचे, पण सात हंगामांपासून याच बागेत. उत्तराने आपण तक्ता करणाऱ्या आहोत म्हटल्यावर पुंजा लगबगीने उठला.

"ह्यो काय बाई, भितीवर हाय जुना."

तिने इराचं मनगट घट्ट धरलं आणि आत जाऊन पाहिलं. तनयचा तक्ता ओलीने फुगला होता. पण तिची नजर खिळली ती पांढऱ्या ठिपक्यांवर. तक्ताभर ठिपके. ओळींच्या मधे, आकड्यांवर, आणि सगळ्यात जास्त उजवीकडच्या फोटोंवर.

"हे काय?"

"चुना," पुंजा म्हणाला आणि खिशातली डबी काढून दाखवली. "वल्ल्या हातात पेन कुठं धरायचं? तंबाखूची डबी तर खिशात असतीच. त्या दिवसाचं औषध झालं का बोटानं टिपका."

"म्हणजे खूण?"

"खूणच की. न्हायतर कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? सकाळी मी, दुपारनं ही."

उत्तराने पिशवीतून आपला तक्ता काढला आणि भिंतीवर धरला. "समजा, आज सोळावा दिवस. काय कराल?"

पुंजाने बोट ओळीवरून नेलं. वाचायला त्याला काहीच अडचण आली नाही. उत्तराचा जीव भांड्यात पडला. मग त्याने चुन्यात बोट बुडवलं, आणि बोट हवेतच थांबलं. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. शेवटी 'टाकीला किती' या रकान्यात, नेमक्या आकड्यावर ठिपका दिला. डोस गायब झाला.

उत्तरा त्या ठिपक्याकडे बघत राहिली. चार बोटं कोरी जागा तिने तळाला सोडली होती. तिथे एकाही बोटाला जायचं नव्हतं. आठ दिवस ती स्वतःच्या डोळ्यांना थंडावा देत बसली होती.

"खाली जागा आहे, तिथे नाही देणार ठिपका?" तरी तिने विचारून पाहिलं.

"तिथं दिऊन काय कळंल बाई? कोणत्या दिवसाचा ते?"

"आणि ठिपका कधी देता? औषध काढल्यावर की मारून झाल्यावर?"

"काढल्यावर," पुंजा म्हणाला.

"मारून झाल्यावर," सुवर्णा म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काढल्यावर कशाला?" सुवर्णाने नवऱ्याला झापलं. "मधीच पंप बिघडला तर? झालं म्हणून टिपका, अन् बाग कोरडी!"

"अन् तुझ्यावाणी मागून दिला तर? तू अर्ध्यात पाणी प्यायला गेली, मी आलो, टिपका नाय, म्हणून मी परत..." तो बोलता बोलता थांबला.

गेल्या वर्षीची करपलेली पानं तिघांनाही दिसत असावीत. पुंजाने खाली बघत डबीचं झाकण लावलं.

उत्तराने क्रेट उलटा केला, इराला मांडीवर दाबून बसवलं, आणि पेन्सिल काढून तक्त्याच्या कोऱ्या पाठीवर नव्याने आखायला घेतलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चौकोन. खोडला. दोन चौकोन. पहिल्यावर लिहिलं 'काढलं', दुसऱ्यावर 'मारलं'. बोट टेकेल एवढे मोठे. ते बसवायला खालची चार बोटं वर घेतली, दोन ओळींमधलं अंतर वाढवलं, एकाआड एक ओळीवर 'फिकट पिवळी' असं लिहून ठेवलं. मग कागद सुवर्णासमोर धरला. सुवर्णाला वाचता येत नव्हतं; कोणता चौकोन कशाचा ते तिला एकदा बोट ठेवून सांगितलं.

"मावशी, सोळाव्या दिवसाच्या ओळीत पहिल्या चौकोनात ठिपका आहे, दुसऱ्यात नाही. काय समजाल?"

सुवर्णाने पदराने हात पुसले. "औषध काढलंय. मारून झालं नाय. आधी ह्याला हाक मारीन, काय झालं इचारीन."

"आणि दोन्हीत असेल तर?"

"तर हात लावायचा नाय."

"हात लावायचा नाय," इराने मांडीवरून गंभीरपणे सांगितलं.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. चिंतामणअण्णा, पांढरा शुभ्र सदरा, आत येताच म्हणाले, "मॅडम, तुम्ही डायरेक्ट शेडमधी! फोटू आणायला आला काय?"

"फोटो बसत नाहीत, अण्णा." तिने पेन्सिलचा कागद पुढे केला. "प्रत्येक ओळीला दोन चौकोन द्यायचेत. मग पानावर फोटोला जागा उरत नाही."

"चौकोन कापा मग. अकरा जणांचा मान हाय. मी काय सांगू सभेत?"

"हे बघा." तिने भिंतीकडे बोट केलं आणि त्याच क्षणी तिला आपली चूक कळली. उजव्या रांगेतला तिसरा फोटो अण्णांचाच होता. नाकावर एक ठिपका, कपाळावर दोन.

अण्णा जवळ गेले. बराच वेळ पाहिलं. "ह्यो कुणी लावला?"

पुंजा भिंतीला चिकटला. सात हंगाम इथे राबलेला माणूस, आणि तिच्या एका बोटाने तो अडकणार.

"आम्ही," ती म्हणाली. "छापखान्याने. खूण करायला जागाच ठेवली नाही, मग बोट जिथे पोचेल तिथे टेकणार. आणि ठिपका आधी द्यायचा की नंतर, हेही आमच्या तक्त्यात कुठे नव्हतं. पानं करपली ती तशी. यंदा परत फोटो टाकले तर परत तुमच्याच नाकावर चुना, आणि बागेचं काय व्हायचं ते होईल. ते मी छापून देणार नाही."

शेवटचं वाक्य तिने ठरवून म्हटलं नव्हतं. म्हणून गेली, आणि मग खुर्ची आठवली. तरी तिने शब्द परत घेतले नाहीत.

अण्णांनी तिच्या हातातला पेन्सिलचा कागद घेतला. डोळ्यांपासून लांब धरला. "सुवर्णा, तुला कळतं हे?"

"मला वाचता येत नाय अण्णा, पन कळतं."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "करपलेला प्लॉट माझ्या भावाचा होता," ते सावकाश म्हणाले. मग एकदम, "नावं तरी टाका. अकराच्या अकरा. खाली एका ओळीत."

"बारीक अक्षरात."

"वाचता येतील ना?"

"ज्याला वाचायची असतील त्याला येतील."

अण्णा खदखदून हसले. पुंजा मात्र ते जीपमध्ये बसेपर्यंत हसला नाही.

चारच्या सुमाराला उत्तरा छापखान्यात पोचली. इरा बाकड्यावर झोपली. अण्णांचा 'ओके' असा निरोप तिने अब्बासभाईंना दाखवला आणि कामाला बसली. सहाला प्रूफ निघालं. अब्बासभाईंनी भिंग लावून वेलांट्या तपासल्या, पट्टीने चौकोन मोजले. "समास कुठे गेला तुझा? केवढी भांडली होतीस त्याच्यासाठी."

"ओळींमध्ये वाटून टाकला."

"हं." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "सोमवारी दहाला ये. पोरीची सोय?"

"पाळणाघर बघून ठेवलंय. उद्या नाव घालते."

"मग लाव मशीनला. चकचकीत लॅमिनेशन, तीनशे प्रती."

"एक मिनिट, चाचा." तिने नमुन्याचा एक तुकडा चकचकीत लॅमिनेट करून घेतला, अब्बासभाईंच्या पानाच्या डब्यातून बोटावर चुना घेतला, पाणी लावलं आणि चौकोनात टेकवला. तुकडा उभा धरला. ठिपका घसरत खालच्या ओळीवर उतरला.

"चकचकीत नाही चालणार," ती म्हणाली. "मॅट लागेल."

"मॅटचा रोल आणायला मला आता शहरात जावं लागेल, बाई!"

"मग जा ना. तोवर मी औषधांची यादी पुन्हा एकदा ताडून बघते."

अब्बासभाई पुटपुटत स्कूटरची किल्ली शोधू लागले. उत्तराने यादी डाव्या हाताला ठेवली, प्रूफ उजव्या, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.