डावा दिवा

"डाव्या दिव्याला हात लावायचा नाय, दादा. ते वैनीचं काम हाय," जीपच्या बॉनेटवर तळहात टेकवून मोतीराम म्हणाला.

राजकुमारलाही तेच हवं होतं. त्याने मान हलवली आणि रंगाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून उजव्या हेडलाइटभोवती टेप लावायला घेतली.

मोतीराम कन्नडहून सवाऱ्या आणायचा. चार महिन्यांपूर्वी तो बजाजनगरात त्यांच्या दारात आला, तेव्हा दोन्ही दिव्यांच्या काचा पिवळ्या, धुरकट झाल्या होत्या. घाटात समोरचं वळण दिसत नव्हतं. राजकुमारच्या बायकोने, सुलेखाने डावा दिवा घासून अगदी नव्यासारखा केला. उन्हाने काच परत धुरकटू नये म्हणून वरून मारायचा पारदर्शक क्लिअर कोट तेवढा राहिला होता आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

त्यानंतर मोतीरामने जीप दुसऱ्या कुणाला दाखवलीच नाही.

"लोक म्हणत्यात, टूथपेस्ट घासा, चकाचक व्हतं."

राजकुमारला हसू आलं. "पाचोडचा एक डायवर तिला असंच शिकवायला लागला. गुटखा खाऊन तोंड लाल. ती म्हणली, भाऊ, आधी तुमच्या दाताला लावून बघा."

"मंग?"

"रुमाल तोंडावर धरून बसला, दिवे व्हईस्तवर."

राजकुमारची सव्वीस वर्षं कंपनीच्या पेंट शॉपमध्ये गेली. पॉलिश पेपर कसा धरायचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. सहा महिन्यांत ती त्याच्या चुका काढायला लागली. कंपनीत त्याला तासाला किती नग झाले ते बघायची सवय होती. ती एकेका दिव्यावर अख्खी सकाळ घालवायची. एक पेपर फिरवून झाला की दिवा पुसायची, पुठ्ठ्याने वारा घालून कोरडा करायची, मान वाकडी करून बघायची, आणि मगच पुढचा बारीक पेपर हातात घ्यायची. "ओलं असलं की सगळंच बरं दिसतं. वाळू द्या," म्हणायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की त्याच्या हातात चहा द्यायची आणि पुन्हा दिव्यासमोर बसायची.

पेपर फिरताच उजवा दिवा पांढराफटक झाला.

"गेला का काय?" मोतीराम घाबरला.

"आधी असंच व्हतं. बसा तिथं पायरीवर."

बारा वाजेपर्यंत आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागला. मग दोघांनीही डावीकडे बघितलं. कोटाशिवाय चार महिने उन्हात फिरलेला डावा दिवा वरच्या अंगाला धुरकटला होता.

"धूळ असंल," राजकुमार म्हणाला. त्याने मगभर पाणी ओतलं. दिवा लख्ख झाला. "बघा! तसाच हाय!" त्याचा आवाज जरा मोठाच निघाला. "वरून कोट मारतो, झालं."

पाणी ओघळून गेलं. काच वरून वाळत आली, तसा धुरकटपणाही परत आला. राजकुमार बघत उभा राहिला. यावर कोट मारला, तर धुरकटपणा कायमचा आत बंद होणार होता.

"चालतंय की, दादा. एवढं काय नाय."

"घाटात चालतंय?"

मोतीरामने खाली बघितलं. "थोडं कमीच दिसतं."

"मंग तिनं ही गाडी अशी जाऊ दिली नसती."

राजकुमारने दिव्यावरून एकदा तळहात फिरवला. हाताला कुठंच काही लागलं नाही. मग त्याने पेपर भिजवला आणि वरच्या कडेपासून सुरुवात केली. पांढरं पाणी बंपरवरून त्याच्या चपलेवर ठिबकायला लागलं. मोतीराम मागच्या टायरची हवा बघायला गेला. हवा त्याने सकाळीच भरली होती.

प्रत्येक पेपरनंतर राजकुमारने दिवा कोरडा केला, तिरपा बघितला. एकदा बारीक रेघ दिसली, तेव्हा मागच्या पेपरवर परत गेला. दोन्ही दिव्यांवर कोट मारून झाला तेव्हा तीन वाजून गेले होते.

"आता दोन तास धूळ बसाया नको," तो म्हणाला.

पहिली पाळी सुटायची वेळ होती. राजकुमारने घरातून चादर आणली आणि कोट वाळावा म्हणून उन्हाची बाजू मोकळी ठेवून रस्त्याच्या अंगाला आडवी धरली. मोतीरामने दुसरं टोक पकडलं.

"हात भरून येत्याल, दादा. बांधू का कुठं?"

"नको."

कामगारांच्या मोटारसायकली एकामागे एक गल्लीत शिरल्या. चादर फडफडली. दोघांनी ती ताणून धरली.