पेटीतला कापूर

“वा, शैलाबाई! बुरशीचा मागमूस नाही! औषध आहे आपलं, चेष्टा नव्हे!” दत्तप्रसाद साहेबांनी काचेची बशी उजेडात धरली.

हडपसरच्या त्या मलमाच्या कारखान्यात शैलाचं काम जगावेगळं होतं. नारायण पेठेतल्या घरी लोणच्यावर पांढरा ठिपका दिसला की ती अख्खी बरणी फेकायची, आणि इथे बशीत बुरशी वाढवून, उबदार पेटीत ठेवून लेकरासारखी जपायची. मधोमध मलमातल्या क्लोट्रिमॅझोल या औषधाचा थेंब टाकला की बुरशीच्या सायीत तेवढंच स्वच्छ रिंगण उरायचं. ते दिसलं की औषध खरं. देशाची बाजारपेठ खुली झाल्यापासून परदेशी गिऱ्हाइकं हेच बघायला येत. आजही दुपारी येणार होती. आणि वर्षानुवर्षं हंगामी राहिलेल्या शैलाला साहेबांनी शब्द दिला होता, पाहुणे खूश तर तुम्ही कायम.

रिंगणाबाहेरही स्वच्छ असलेल्या पहिल्या बशीवर हुरळलेल्या साहेबांनी दुसरी उचलली. हिच्यात औषध घातलेलंच नव्हतं. बुरशी गच्च माजायला हवी होती. तीही चकाचक!

“आणि ही कुणाला बघून मेली? मला?”

शैलाची नजर पेटीतल्या वाटीकडे गेली. परवा खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली यंत्रं पुजली, तशी तिनेही पेटी पुजली. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. पण प्रयोगशाळेत काडी ओढायला सक्त मनाई. मग बाईंनी कापूर न पेटवताच वाटीत घालून, भक्तिभावाने पेटीत ठेवला आणि दार लावलं. दसऱ्याची सुट्टी गेली. आज वाटी रिकामी! उबेने कापूर उडाला होता आणि त्या वाफेने बुरशीचा निकाल लावला होता.

“जयाने बुरशीचं बियाणंच मेलेलं दिलं असणार,” साहेब गरजले. “आजच काढतो तिला!”

नवी पोरगी जया दारात रडवेली उभी होती. वाटी गुपचूप खिशात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? पण शैलाला ते जमेना.

“साहेब, जया नाही. मी आत कापूर ठेवला होता.”

“पेटीत? अहो, मग आरतीही म्हटली असेल!”

“मनातल्या मनात.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. पाहुण्यांना दोन दिवस लोणावळा दाखवण्यात आला. तोवर नवी बुरशी झकास वाढली, रिंगण सुरेख उमटलं, पाहुण्यांनी खूश होऊन साहेबांशी हस्तांदोलन केलं. जयाची नोकरी राहिली. शैलाला कायम करण्याचं मात्र पुन्हा कुणी नाव काढलं नाही, आणि तिला त्याचं फार वाईट वाटलं.

पुढच्या खंडेनवमीला हंगामी शैलाबाईंनी पेटीला बाहेरूनच फूल वाहिलं. मग दार किंचित उघडून हळूच म्हणाल्या, “वाढा गं बायांनो. ह्या वर्षी काही ठेवलं नाहीये.”