दोन्काच्या मासिकांचे वाचक

सोफियाहून आलेला नवा ग्रंथपाल ल्युबेन माणूस वाईट नव्हता, पण यादीबाहेर त्याला जग दिसत नसे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मासिकांचा विभाग सांभाळणाऱ्या दोन्काच्या टेबलावर त्यानं कागद ठेवला. ज्या संग्रहाला आजवर एकही वाचक मिळाला नाही, तो शुक्रवारी रद्दीत. यादीत पहिलंच नाव डॅन्यूब नदीविषयीच्या परदेशी मासिकांचं. एकशे दहा फळ्या, वाचक शून्य.

आता हे शून्य कुणी आणलं म्हणाल, तर दोन्कानंच. चौतीस वर्षं तिनं ही मासिकं जमवली होती. परदेशी वर्गणीला पैसा कुठला? मग आपल्या विद्यापीठाचा जाडजूड वार्षिक अंक व्हिएन्नाला पाठवायचा आणि बदल्यात त्यांचं मासिक मागायचं. एखादा अंक आला नाही की ही बाई तीन-तीन वर्षं पत्रं लिहून समोरच्याला भंडावून सोडायची. अख्ख्या बल्गेरियात दुसरीकडे हा संच नाही.

आणि वाचक होते की! पण जुन्या कम्युनिस्ट राजवटीत प्रत्येक मागणीचिठ्ठीवर वाचकाचं नाव असे आणि महिनाअखेरीला सुरक्षा खात्याचा माणूस ती चळत घेऊन जाई. पश्चिमेकडचं कोण वाचतं, ते बघायला. म्हणून दोन्का रोज संध्याकाळी चिठ्ठ्या शेगडीत घालायची आणि विचारलं तर सांगायची, कुणी आलं नाही. राजवट गेली, हाताची सवय गेली नाही. पुढे शेगडीही काढली, तर बाई चिठ्ठ्या फाडायला लागली. भलं करायला गेली आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"एक वाचक दाखवा बाई," ल्युबेन म्हणाला. "यातून संशोधन केलं, एवढं सहीनिशी लिहून देणारा. ट्रक परत पाठवतो."

दोन्का त्याच दुपारी प्राध्यापक वेलिझारांकडे गेली. सोबत बिहीच्या मुरंब्याची बरणी. शहाऐंशी वर्षांचा हा माणूस बारा वर्षं तिच्या खोलीत, खिडकीला पाठ करून बसला होता. नदीतल्या माशांवरचं त्यांचं सगळं नाव त्याच फळ्यांवर उभं होतं.

"दोन ओळी, सर."

म्हाताऱ्यानं बरणी हातात फिरवली. "पोरी, त्र्याऐंशी साली सुरक्षा खात्यानं मला बोलावलं होतं, आठवतं? मी लिहून दिलं, त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नाही. आता उलटं लिहू?"

"ते खातं राहिलंय कुठे आता?"

"खातं नाही. माणसं आहेत. त्यांची मुलं आहेत. माझा नातू नोकरीत आहे." त्यांनी बरणी परत तिच्यापुढे सरकवली. "तू तेव्हा मला वाचवलंस. आता का बुडवतेस? माझं नाव काढू नकोस."

दोन्काला राग आला, मग राग धरायचीही लाज वाटली. ती भीती तिच्या ओळखीची होती. बाकीच्या वाचकांतले बरेच मातीखाली गेले होते, उरलेल्यांना तिनं फोन केले. त्यांनीही विषय टाळला.

शुक्रवारी ट्रक आला. ल्युबेन दारात उभा होता, बिचारा खरंच थांबला होता.

"नाव तरी सांगा बाई. सही मी जाऊन आणतो."

नाव जिभेवर होतं. पत्ताही. ल्युबेन तडक जाईल, म्हाताऱ्याच्या दारावर कागद घेऊन थाप मारील, हे तिला लख्ख दिसलं.

"कुणी आलं नाही," दोन्का म्हणाली.

"मग चौतीस वर्षं हे जमवलंत तरी कुणासाठी?"

ती बाजूला सरकली. हमालांना आत जायला वाट हवी होती.