एक पाटा कमी, एक नत्थुजी जास्त

मी मेटाडोर बोलून राहिली. हो, गाडीच. हॉर्न बंद हाये, म्हणून तोंडानं बोला लागते.

जन्म माहा कारखान्यातला, पण संसार लावून देला अमरावतीच्या एका डॉक्टरानं. १९७८ साली त्यानं माह्या पोटात दोघांची खाट, स्टोव्हले कट्टा आन् फुलाफुलाचे पडदे बसवले. दर उन्हाळ्यात चिखलदरा! मंग डॉक्टर थकला, अन् मी दहा वर्षं कडुलिंबाखाली उभी राहिली. स्टेअरिंगखाली कोंबड्यांनी अंडी घातली. मी काई बोलली नाई. अंड्यांशी काय बोलता?

तिथून मले अकोल्याच्या वाहेदभाई पिंजाऱ्यानं नेलं. कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा त्याचा धंदा. बायको हलीमाबी संगं. लग्नघर दिसलं का मुक्काम. तो पिंजे, ती टाके घाले, रात्री दोघं माह्या खाटेवर झोपत. खरा धंदा हलीमाबीचा. घरातलं अंथरूण परक्या माणसाच्या हाती कोणती बाई देईन? वाहेदभाई एकटा गेला तर एक उशी भेटे. तीबी फाटकी.

अन् २००५ साली हलीमाबीचे गुडघे धरले.

माही पायरी जमिनीपासून दीड हात. तिचा पाय उठे एक वीत. स्टूल लावून पायलं. वलगावच्या काळ्या मातीत स्टुलाचा एक पाय खाली गेला अन् हलीमाबी त्याच्या मांगं गेली. वाहेदभाईनं चौघं मिळून उचलून ठेवतो म्हटलं, तं ती म्हणे, "मी काय गाठोडं हाये?"

मंग तिनं निकाल देला. "अजी, थंडी पडाच्या आत मी सोता आत चढली तं ठीक. नाई तं इका हे गाडी. भंगारवाला रोज दोन वेळा चक्कर मारून राहिला."

मले पयल्यांदाच घाम फुटला. वाहेदभाई म्हणे, रेडिएटर गळून राहिलं.

मले खाली बसवाचं ठरलं. वाहेदभाईचा भाचा हसनैन, अकोल्यात त्याचं गॅरेज. "मामू, तीन रस्ते हायेत," तो म्हणे. "चाकावरच्या कमानीचे लोखंडी पाटे काढू, एक्सलवर लोखंडी गुटका टाकू, नाई तं चाकं बारकी करू."

"तिन्ही कर."

"तिन्ही केले तं हलीमा मुमानीले चढा लागणार नाई, उतरा लागन."

पयले सातातले तीन पाटे काढले. मी अशी झुकली का हलीमाबी टाळ्या वाजवाले लागली. पण चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं माहं पोट गिट्टीले लागलं अन् सायलेन्सर मांगंच राहिला. दोन पाटे परत चढवले. मंग मांगच्या एक्सलवर गुटका टाकला. गांड खाली, नाक आभाळात. पानठेल्यावरचे लोक इचारत, "वाहेदभाई, उडून राहिली का?" बारकी चाकं लावली तवा तं मले सोताचीच लाज वाटली. हत्तीले उंदराचे पाय. गुटका अन् चाकं परत काढली. थंडी तोंडावर आली अन् पायरी अजून हातभर उंच.

गॅरेजात नत्थुजी बसून राहत. आंगानं सव्वाशे किलो. कापूस खरेदी केंद्रावर गाठी उचलाचे. त्या वर्षी केंद्र उघडलंच नाई, म्हणून माणूस दिवसभर बसून. एका दुपारी ते माह्या खाटेवर आडवे झाले. माही म्हातारी कमान, त्यात एक पाटा कमी. मी कर्रर्र करून जमिनीकडं गेली. तेवढ्यात हलीमाबी वाहेदभाईचा डबा घेऊन आली अन् बोलता बोलता पाय ठेवून आत जाऊन बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं.

"या अल्ला, मी आत हाये!"

वाहेदभाईनं नत्थुजीले उठवलं.

"नत्थुभाऊ, काम करता काय?"

"काय करा लागते?"

"बसाचं."

"मंग?"

"भाभी चढली का उतराचं."

नत्थुजीनं पोटावर हात फिरवला. "केंद्रावर लोकाइचं वजन उचला लागे. हे तं माहंच हाये. जमते."

असं माहं सस्पेन्शन ठरलं. एक पाटा कमी, एक नत्थुजी जास्त. वरूडच्या नाक्यावर पोलिसानं इचारलं, "हे कोण?" वाहेदभाई म्हणे, "सस्पेन्शन." पोलिसानं नत्थुजीले वरून खाली पायलं अन् लिवलं, सवारी एक.

धंदा पुन्हा लागला. बायका अंथरुणं काढाले लागल्या. पण नत्थुजीले नुसतं बसवेना. ते गल्लीगल्लीत "गादीवालेऽऽ" करून फिरत, गठ्ठे वाहत. दोन वर्षांत माणूस वाळला. दर तीन महिन्याले माही पायरी बोटभर वर. हलीमाबी त्याइले शिरा चारे, पुऱ्या चारे. ते खाऊन अजून जोरात फिरत.

मांगच्या हप्त्यात चांदूर रेल्वेले मुक्काम होता. नत्थुजी चहाले गेलते. एक गाय नवी रजई ओढाले लागली. हलीमाबी "अगे मेले!" म्हणत उठली अन् काठी घ्याले भर्रकन माह्यात चढली. सारी पायरी, एका पावलात. रोज दहा वेळा चढ-उतर करून गुडघे कवाचे मोकळे झालते, हे तिलेच ठाऊक नोतं.

वाहेदभाई तोंड वासून उभा. गाईनं रजई तेवढ्यात अर्धी खाल्ली.

"चूप बसा," हलीमाबी हळूच म्हणे. "नत्थुभाऊचं केंद्र अजून बंदच हाये."

ती खाली उतरली, गुडघ्याले हात लावून उभी राहिली अन् आरोळी मारली, "नत्थुभाऊ, या ना लवकर! मी काय उन्हात वाळू?"

नत्थुजी कप तसाच सोडून पळत आले. आता असतीन साठेक किलो. धपकन खाटेवर बसले अन् मोठ्या इमानानं म्हणे, "चढा भाभी."

मी एक बोटबी हालली नाई. पण कर्रर्र असा आवाज काढला, का शेजारचं कुत्रं उठून गेलं.

तवा बाप्पा, कोन्या गावात आमी दिसलो तं गाद्या भरून घ्या, पण पायरीकडं पाहू नका. अन् नत्थुजी भेटले तं एवढंच म्हणा, "भाऊ, तुमच्यामुळं गाडी खाली बसते बरं."