रिकाम्या गाउनावरची पिन

“बटणाचं काय होणार?” या एका प्रश्नापायी त्या रात्री आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आई जागी, म्हणून मीही जागी. कारण मी तिच्याच गाउनाला टोचलेली होते.

मी पिन बोलतेय. सेफ्टी पिन. नावातच सेफ्टी असल्यामुळे लोकांच्या माझ्याकडून फार अपेक्षा असतात. माझ्या स्वतःकडून मात्र मुळीच नसतात. टोक झाकलेलं आहे ना, हे मी सारखी चाचपून बघते. आहे असं वाटतं. तरी तुम्ही जरा जपूनच वाचा.

माझा जन्म कारखान्यातला. तारेच्या भेंडोळ्यातून मला ओढलं, कापलं, एका टोकाला धार लावली, दुसरीकडे वेटोळं घातलं आणि डोक्यावर पत्र्याची टोपी चढवली. सगळं एका दमात. रडायलाही उसंत नाही. शेजारच्या यंत्रावर पितळेच्या पिना होत होत्या. त्यांना आणि आम्हाला एकाच चकचकीत मुलाम्यात बुडवलं आणि एकाच पुठ्ठ्यावर ओळीनं टोचलं. तेव्हापासून एक शंका माझ्या मनात घर करून बसली आहे. मी खरीच पोलादाची, की आतून पितळेची? पिनेला स्वतःच्या आत डोकावता येत नाही.

आईनं आमचा पुठ्ठा विकत घेतला तेव्हा तिला दिवस भरत आले होते. “पिना कशाला गं? टोचतील लेकराला. मी नाडीचे लंगोट शिवून देते,” सासूबाई म्हणाल्या. आईनं पिना ठेवून घेतल्या खऱ्या, पण बाळाला लंगोट बांधला की ती मला उघडून बघे, लावून बघे, परत उघडून बघे. आपल्याहून जास्त काळजी करणारं कुणीतरी जगात आहे, हे बघून मला आयुष्यात पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

बाळाची मुंगी झाली. म्हणजे नाव दुसरंच आहे, पण आईच्या मागं मागं घरभर चालते म्हणून सगळे मुंगीच म्हणतात. आई स्वयंपाकघरात, मुंगी स्वयंपाकघरात. आई न्हाणीत, मुंगी न्हाणीच्या दाराशी. मग आई आतून मोठ्यानं गाणं म्हणायची, चर्चमधलंच एखादं. सूर बेताचाच, पण गाणं चालू आहे तोवर मुंगी उंबऱ्यापाशी निवांत खेळत बसे. गाणं थांबलं की दारावर थाप.

आई रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेते. शिकलेली आहे, तयारी करून जाते, आणि तरी वर्गात शिरताना तिचे तळहात ओले असतात. हे मला ठाऊक, कारण एका रविवारी मी त्याच तळहातात होते. धडा होता देव एक असून बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा कसा, याचा. आईनं मला उंच धरलं. “ही बघा, तार एकच. पण ही तिची पाठ, हे वेटोळं, हे टोक. तीन, आणि तरी एक!”

माझी छाती भरून आली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, “आणि टोपी कोण, टीचर?”

टोपी वेगळ्या पत्र्याची असते. बाहेर दाराशी उभे असलेले चर्चचे पाळक हसू दाबत होते. नंतर ते तिला म्हणाले, “ताई, मीही अशी खूप उदाहरणं दिली आहेत. सगळी कुठेतरी गळतातच. देव आपल्या डब्यात मावत नाही, हेच शेवटी शिकवायचं.” आई हसली, पण घरी येऊन भांडी घासताना तीनदा स्वतःशीच म्हणाली, “टोपी कोण! कपाळ माझं!”

एवढ्यावर तिनं थांबायला हवं होतं. पण पुढचा धडा होता प्रभू येशूच्या परत येण्याचा.

बाबा स्पीकर दुरुस्त करतात. त्यांच्या खोक्यातून आईनं एका फुटक्या स्पीकरचं गोल लोहचुंबक मागून घेतलं. रविवारी तिनं मुलांसमोर ताटलीत आम्हा काही पिनांना ठेवलं आणि शेजारी मुंगीच्या जुन्या फ्रॉकचं एक निळं बटण मांडलं. “येशू येईल तेव्हा त्याचे जे आहेत, ते त्याच्याकडे ओढले जातील,” आई म्हणाली आणि लोहचुंबक खाली आणू लागली.

त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! आता कळणार होतं. पोलाद की पितळ, सगळ्यांच्या देखत. अंगातून एक झटका गेला आणि मी टणकन वर गेले. शेजारची माझ्याहून चकचकीत पिन ताटलीतच राहिली. बटणही राहिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद व्हायला हवा होता ना? पण वरून खाली बघताना ते निळं बटण फार एकटं दिसत होतं.

टाळ्या न वाजवणारी एकटी मुंगी होती. तिनं विचारलं, “आई, बटणाचं काय होणार?”

घंटा झाली आणि उत्तर राहून गेलं.

घरी येऊन मुंगी लोहचुंबक घेऊन बसली. बटण उचललं जाईना. उलटं करून, ओलं करून, फुंकर मारून बघितलं. मग तिनं मला उघडलं, बटण माझ्या तारेत ओवलं, मला बंद केलं आणि लोहचुंबक धरलं. मी वर गेले आणि माझ्याबरोबर बटणही! “गेलं! गेलं!” ती ओरडली. आई कणीक मळता मळता म्हणाली, “हुशार गं माझी ती!” आणि परत मळू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं आपल्या फ्रॉकचा घेर आणि आईच्या गाउनाची कड एकत्र धरली आणि माझं टोक दोन्हींतून आरपार घातलं.

आधी सगळे हसले. आत्या भाजी घेऊन आली, ती दारातच थबकली. “वहिनी, हे काय? दाव्याला वासरू बांधलंय, का वासराला गाय?”

“खेळतेय ती,” आई म्हणाली.

“खेळत नाहीये,” मुंगी म्हणाली. “येशू आला की आई वर जाणार. मग मी पण जाणार.”

आत्याचं हसू ओठांवरच वाळलं. आईनं वाकून मुंगीकडे बघितलं. “तू एकटीसुद्धा जाशील की गं, शहाणे.”

“मी बटण आहे,” मुंगी अगदी सहज म्हणाली. “मी काल खोटं बोलले. दूध मोरीत ओतलं.”

त्या रात्री आई छताकडे बघत पडून होती. शेजारी मुंगी, मध्ये मी. बाबा म्हणाले, “अगं, पोर आहे ती. दोन दिवसांत विसरेल.”

“आणि नाही विसरली तर? येत्या सोमवारपासून शाळा आहे. तिथे काय मी पिनेला लटकून बसू? मी तिला देवाची ओळख करून द्यायला गेले आणि भीतीच घालून बसले.” मग अगदी हळू म्हणाली, “आणि खरं सांगू? लोहचुंबक खाली येताना मलाही वाटलं, मी तरी कुठली?”

बाबा घोरत होते. मी जागी होते. मला सांगायचं होतं, बाई, मलाही तसंच वाटलं होतं. पण मला तोंड नाही, नुसतं टोक आहे. आणि ते उघडलं तर टोचतं.

दिवस तसेच गेले. कणीक मळताना, केर काढताना, फोनवर बोलताना आम्ही तिघी एकत्र. आईनं मला काढलं की मुंगीचा श्वास चढे, ओठ पांढरे पडत. मग आईच मला परत लावून द्यायची. ओढाताणीनं माझं वेटोळं दुखायला लागलं. आपण सुटलो तर? एवढ्याशा तारेवर एवढी जबाबदारी कुणी टाकू नये.

शनिवारी दुपारी दोघी चटईवर आडव्या झाल्या. मुंगीला झोप लागली. आईचं अंग घामानं चिकचिकत होतं. आठवडाभरात तिला धड अंघोळसुद्धा मिळाली नव्हती. तिनं माझ्याकडे हात नेला, मग थांबली. पिन उघडताना कट्ट आवाज होतो. तिनं हळूच एक हात बाहीतून काढला, दुसरा काढला, आणि साप कातेतून निघावा तशी गाउनातून निघून टॉवेल गुंडाळून पाय न वाजवता न्हाणीत गेली. आणि पोर उठेल म्हणून त्या दिवशी गायली नाही.

मुंगी जागी झाली. अर्धवट झोपेतच तिनं फ्रॉक ओढला. गाऊन आला, हलका, रिकामा. दोन्ही बाह्या जमिनीवर पसरलेल्या.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं मला बोटानं दाबून बघितलं. मी घट्ट बंद होते. मी सुटले नव्हते हो! आणि तरी आई नव्हती.

गाऊन फरफटत ती दारापाशी गेली. आईच्या चपला जागेवर. ओट्यावर अर्धा प्यालेला चहा. मग ती स्टुलावर चढली, फळीवरून लोहचुंबक काढलं आणि दोन्ही हातांनी आपल्या कपाळावर टेकवलं. डोळे मिटले. हळूच हात सोडले.

लोहचुंबक खाली पडलं. दाणकन.

न्हाणीचं दार उघडलं. आई धावत आली. केसांत साबणाचा फेस, खांद्यांवरून पाणी गळतंय. तिनं स्टुलावरची मुंगी बघितली, मागचा गाऊन बघितला, आणि तिला सगळं कळलं. ती ओल्या अंगानं तशीच खाली बसली आणि तिला कुशीत ओढलं. तेव्हा कुठे मुंगी रडली.

“मला वाटलं तो आला,” ती हुंदक्यांत म्हणाली. “चिकटत नाही गं. माझ्या डोक्याला चिकटत नाही.”

“चुकलं माझं उदाहरण. साफ चुकलं.” आई तिचे डोळे पुसत म्हणाली. “लोहचुंबकाला काय कळतंय? त्याला तू कोण, मी कोण, काही माहीत नसतं. येशूला माहीत असतं. खाटेखाली बटण गेलं तर सगळं घर झाडून, गुडघ्यावर बसून शोधणारा आहे तो. मोरीत दूध ओतलंस तरी. तो येणार आहे ना, तो न्यायलाच येणार आहे. शाळा सुटली की मी येणार ना तुला न्यायला? तसा.”

“कधी?”

“ते कुणालाच माहीत नाही. मलापण नाही.”

मुंगीनं नाक आईच्या टॉवेलला पुसलं. “तू म्हणतेस देव सगळीकडे असतो. मग तो येणार कुठून?”

आईच्या केसांतला फेस ओघळून डोळ्यात गेला. मग तिनं विचारलं, “मी आत्ता कुठे होते?”

“न्हाणीत.”

“म्हणजे घरातच ना? दिसत नव्हते एवढंच. दार उघडलं आणि आले.”

बोलून झाल्यावर ती पाहत राहिली. आता हेही कुठून गळतं, या धास्तीनं तिचे खांदे वर चढलेले मला दिसत होते. मुंगी विचार करत होती.

तोवर माझं सांगून टाकते. सोमवारी मुंगीनं मला स्वतःच उघडलं. हल्ली मी तिच्या शाळेच्या फ्रॉकवर असते आणि माझ्या जिवावर फक्त एक रुमाल आहे. कडेला थोडी गंजलेय. शाळा सुटायच्या वेळी फाटकाकडे बघताना मुंगी अजून मला चाचपते. पण घट्ट धरत नाही.

तुम्हाला एकच मागणं आहे. देवाच्या गोष्टी मुलांना जरूर सांगा. आई अजून सांगते, आणि वर्गात जायच्या आधी अजून तिचे तळहात ओले होतात. फक्त गोष्ट सांगून झाली की तिचं टोक टोपीत घालून ठेवत जा. हात लहान असतात.

हं, तर त्या दुपारी. मुंगीनं आपोआप बंद झालेल्या न्हाणीच्या दाराकडे बघितलं, मग आईच्या फेसाळ केसांकडे, आणि म्हणाली,

“मग प्रार्थनेत सांग त्याला, आत असलास की गाणं म्हणत जा.”